तिशीनंतरचं भांडवल

१९६६च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये ‘द डर्टी डझन’ या युद्धपटाचं चित्रीकरण खराब हवेमुळे लांबत चाललं होतं. एके दिवशी त्या सेटवरच, सैनिकाच्या वेशातल्या एका धिप्पाड नटाने पत्रकारांना सांगून टाकलं की आपण यापुढे फुटबॉल खेळणार नाही. हा नट म्हणजे जिम ब्राऊन. वय तीस. आधीच्याच हंगामात तो अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. नऊ हंगामांत चेंडू घेऊन तो १२,३१२ यार्ड धावला होता आणि तोवर इतकं कोणीच धावलं नव्हतं. त्याच्या क्लबचे, म्हणजे क्लीव्हलँड ब्राउन्सचे, मालक आर्ट मॉडेल यांनी तंबी दिली होती की सराव शिबिराला वेळेवर हजर झाला नाहीस तर दंड करू. ब्राऊन शिबिराला गेलाच नाही. खेळच सोडलेल्या माणसाला दंड कोण करणार?

ही गोष्ट सांगणारे बहुधा ब्राऊनच्या बाणेदारपणावर भर देतात. मला त्यामागची तयारी जास्त महत्त्वाची वाटते. ‘रिओ कॉन्चोस’ हा पहिला चित्रपट त्याने १९६४मध्ये केला होता, खेळ ऐन भरात असताना. कॅमेऱ्यासमोर आपण उभे राहू शकतो का, निर्माते पुन्हा बोलावतात का, हे त्याने दोन वर्षं आधीच पाहून ठेवलं होतं. फुटबॉल सोडून अभिनयाकडे आणि तिथून व्यायामाच्या धंद्याकडे वळलेल्यांच्या कहाण्या वाचताना हा धागा सारखा हाती लागतो. शरीर दार उघडून देतं. आत टिकून राहण्याचं शिक्षण मात्र खेळ चालू असतानाच घेतलेलं असावं लागतं. ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांच्याकडेही येऊच.

आधी या खेळाविषयी थोडं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड पट्ट्या आणि दर काही सेकंदांनी शंभर-सव्वाशे किलोची माणसं एकमेकांवर आदळणं, असं त्याचं रूप आहे. खेळाडू संघटनेच्या हिशोबाने तिथल्या मुख्य लीगमधली सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास असते. लीगला हा आकडा मान्य नाही. पहिल्याच वर्षी जे संघात पक्के होतात त्यांची सरासरी सहा वर्षं आहे, असं ती म्हणते. भांडण कुणाच्या बाजूने सुटो, दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच. बहुतेक खेळाडू तिशीच्या आत घरी बसतात. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला संघ आपली यादी ५३ खेळाडूंवर आणतात, तेव्हा शेकडो जणांना एकाच आठवड्यात नारळ मिळतो. अनेकांचे करार हमीचे नसतात, त्यामुळे गुडघा गेला की पगारही जातो.

अशा माणसाकडे सत्ताविसाव्या वर्षी काय असतं? शरीर असतं, हे तर दिसतंच. सहज लक्षात येत नाहीत अशा आणखी दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे स्वतःला पडद्यावर पाहण्याची सवय. या खेळात सामना संपला की त्याचं चित्रण लावून एकेक हालचाल तपासली जाते. पाय कुठे चुकला, मान कुठे वळली, हे प्रशिक्षक सगळ्यांसमोर दाखवतात. खेळाडूही त्याला ‘फिल्म’च म्हणतात. नवखा नट स्वतःला पडद्यावर पाहून लाजतो किंवा खूश होतो. या माणसाची ती लाज केव्हाच मेलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे नकाराची सवय. यादीतून नाव कापलं जाणं, दुसऱ्या शहरात जाऊन पुन्हा चाचणी देणं, पुन्हा कापलं जाणं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. ऑडिशनच्या रांगेत उभं राहायला याहून चांगली पूर्वतयारी मला तरी सुचत नाही.

कार्ल वेदर्सचं उदाहरण घ्या. १९७० आणि ७१ या दोन हंगामांत ओकलंड रेडर्सकडून तो मिळून आठ सामने खेळला, मग त्याला सोडून देण्यात आलं. तो कॅनडात गेला आणि बी.सी. लायन्स या संघाकडून खेळू लागला. हंगाम नसे तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकत असे. १९७४मध्ये पदवी हातात आली आणि त्याच वर्षी त्याने खेळ सोडला. पुढच्या वर्षी दोन छोट्या चित्रपटांत कामं मिळाली आणि त्यानंतर आला ‘रॉकी’.

‘रॉकी’च्या ऑडिशनचा किस्सा वेदर्स आयुष्यभर रंगवून सांगायचा. जगज्जेता मुष्टियोद्धा अपोलो क्रीड याची भूमिका होती आणि समोर संवाद वाचायला एक अनोळखी तरुण बसला होता. प्रसंग नीट रंगेना. वेदर्सने वैतागून दिग्दर्शकाला सांगितलं, समोर खरा नट दिलात तर मी याहून चांगलं करून दाखवेन. समोरचा तरुण सिल्व्हेस्टर स्टॅलोन होता. पटकथा त्याचीच आणि नायकही तोच. पण तो आगाऊपणा अपोलो क्रीडच्या स्वभावात चपखल बसणारा होता. वेदर्सला भूमिका मिळाली.

पुढे जे झालं त्यात फुटबॉलची तालीम कामाला आली. शेवटची लढत नेमकी कशी होणार, कुठला ठोसा कुठल्या हाताचा, कुणी केव्हा वाकायचं, हे स्टॅलोनने कागदावर लिहून काढलं होतं आणि दोघांनी ते घोटून पाठ केलं. फुटबॉलपटूचा सरावही असाच असतो. आखलेल्या चाली, ठरलेली पावलं, आणि त्या इतक्यांदा करायच्या की बघणाऱ्याला त्या क्षणी सुचल्यासारख्या वाटाव्यात. चित्रपट सुमारे दहा लाख डॉलरमध्ये, २८ दिवसांत उरकला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. वेदर्स चार ‘रॉकी’पटांत दिसला. १९८७मध्ये ‘प्रिडेटर’मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या दंडाला दंड लावून उभा राहिला. आणि पन्नाशी उलटल्यावर ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या विनोदी मालिकेत ‘कार्ल वेदर्स’ याच नावाचा एक महाचिक्कू अभिनय-शिक्षक त्याने साकारला. स्वतःची अशी टर उडवायला दंड लागत नाहीत, विनोदाची जाण लागते. सत्तरी ओलांडल्यावर ‘द मॅन्डलोरियन’मध्ये त्याने भूमिका केली, काही भाग दिग्दर्शितही केले. फेब्रुवारी २०२४मध्ये तो गेला. त्याच्या मृत्युलेखांत त्या आठ सामन्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता आला.

आता ब्रायन बॉसवर्थ. वेदर्सच्या तुलनेत हा राजा होता. १९८७मध्ये सिॲटल सीहॉक्सने त्याच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी दहा लाख डॉलरचा करार केला. नवख्या खेळाडूला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. विचित्र केशरचना, तोंडाळपणा, जाहिराती, सगळं होतं. खांद्याने दगा दिला आणि तीन हंगामांत सगळं संपलं. हॉलिवूडने लगेच उचललं. १९९१मध्ये ‘स्टोन कोल्ड’ हा मोटारसायकल टोळ्यांवरचा मारधाडपट खास त्याला नायक करून निघाला आणि आपटला. बॉसवर्थ पुढेही छोटी-मोठी कामं करत राहिला, पण ज्या जोरावर त्याला थेट नायक केलं गेलं होतं तो जोर पहिल्याच चित्रपटात संपला होता. त्याच्याजवळ प्रसिद्धी होती, शिक्षण नव्हतं. वेदर्सचं नेमकं उलट होतं.

याच काळातली लाइल अल्झाडोची कहाणी तर अंगावर काटा आणते. बचावफळीतला हा दांडगा खेळाडू १९८५मध्ये निवृत्त झाला आणि चित्रपटांत राकट माणसांच्या भूमिका करू लागला. १९९१मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकात त्याने जाहीर कबुली दिली की आपण वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेत होतो. तेव्हा त्याला मेंदूचा कर्करोग झालेला होता आणि तो त्या औषधांनीच झाला, अशी त्याची खात्री होती. वैद्यकशास्त्राला तसा थेट संबंध सिद्ध करता आलेला नाही. १९९२मध्ये ४३व्या वर्षी तो वारला. शरीर भाड्याने देणाऱ्या धंद्यात शरीर वाढवण्याचा दबाव मैदान सुटल्यावरही संपत नाही, हे त्याच्या उदाहरणावरून कळतं. फिटनेसच्या बाजाराकडे वळताना ते लक्षात ठेवायला हवं.

युरोपातल्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या, फुटबॉलमध्ये गणित जरा वेगळं आहे. तिथे चित्रपटवाल्यांनी शरीरापेक्षा दबदबा विकत घेतला. विनी जोन्स हा बांधकामावर विटा वाहणारा मुलगा विम्बल्डनच्या संघात आला. १९८८मध्ये त्या संघाने एफए कपच्या अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलला १-० असं हरवलं. पण जोन्सची खरी ख्याती दांडगाईची. एकदा सामना सुरू होऊन तीन सेकंदांत पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं होतं. गाय रिचीने १९९८च्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’मध्ये त्याला वसुली करणारा गुंड केलं, तेव्हा प्रेक्षकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. इथेही तारखा पाहा. चित्रपट आला तेव्हा जोन्स अजून व्यावसायिक खेळाडूच होता, निवृत्ती पुढच्या वर्षीची. एरिक कँटोनाचंही तसंच. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एका प्रेक्षकाला लाथ घातल्याबद्दल १९९५मध्ये त्याच्यावर कित्येक महिन्यांची बंदी आली. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या एका फ्रेंच चित्रपटात तो दिसला. दोन वर्षांनी, तिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला आणि १९९८च्या ‘एलिझाबेथ’मध्ये फ्रान्सचा राजदूत झाला. जोन्स गुंडाच्या चौकटीत राहिला. कँटोनाने ती चौकट मोडली आणि २००९मध्ये केन लोच यांच्या ‘लुकिंग फॉर एरिक’मध्ये एका खचलेल्या पोस्टमनला धीर देणारा, स्वतःवर हसणारा कँटोना साकारला. माझ्या मते खेळाडूने केलेल्या उत्तम भूमिकांपैकी ती एक आहे.

टेरी क्रूझकडे वळू. हा मिशिगनमधल्या फ्लिंट या मोटार कारखान्यांच्या शहरातला. लीगच्या १९९१च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत लॉस एंजलिस रॅम्सने त्याला अकराव्या फेरीत, २८१व्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे घेतलं काय आणि न घेतलं काय. सहा-सात वर्षं तो संघामागून संघ बदलत राहिला, मधल्या काळात जर्मनीतल्या ऱ्हाइन फायर या संघाकडूनही खेळला. कापलं गेलं की घरखर्चासाठी तो सहकारी खेळाडूंची तैलचित्रं काढून विकायचा. चित्रकला ही त्याची मूळ विद्या. १९९७मध्ये खेळ सोडून लॉस एंजलिसला आल्यावर हातात काहीच नव्हतं. एका कारखान्यात झाडू मारण्याचं काम त्याने केलं, सुरक्षारक्षकाचंही केलं. कालपर्यंत हजारो लोकांसमोर खेळणाऱ्याला झाडू हातात घेताना काय वाटलं, हे त्याने स्वतःच नंतर लिहिलं आहे. तो अपमान आपल्याला वाचवून गेला, असं त्याचं म्हणणं.

क्रूझचं वेगळेपण असं की त्याने स्वतःच्या दंडांचा विनोद केला. २००४च्या ‘व्हाइट चिक्स’मध्ये एक पहाडासारखा माणूस मोटारीत बसून हळव्या प्रेमगीतावर मान डोलावतो, हा प्रसंग आजही मोबाइलवर फिरतो. २०१०मधल्या ओल्ड स्पाइसच्या जाहिरातींत त्याच्या छातीचे स्नायूच अभिनय करतात. ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ या मालिकेत, २०१३ ते २०२१, त्याने केलेला सार्जंट म्हणजे दही खाणारा, जुळ्या मुलींच्या काळजीने व्याकूळ होणारा बाप. स्नायू बघून प्रेक्षक एक अपेक्षा करतो आणि माणूस भलतंच वागतो. सगळी गंमत त्या फरकात आहे. २०१८मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याने स्वतःवर झालेल्या लैंगिक अतिप्रसंगाबद्दल साक्ष दिली. एवढ्या ताकदवान पुरुषावर असं काही होऊ शकतं का, या प्रश्नाला तिथे मिळालेलं उत्तर अनेकांच्या समजुतींना धक्का देणारं होतं.

धंद्याची बाजू नीट समजून घ्यायची तर ड्वेन जॉन्सनशिवाय पर्याय नाही. ‘द रॉक’ हे त्याचं नाव आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलवर कुस्ती बघणाऱ्या पोरांना चांगलं माहीत आहे. त्याआधी तो फुटबॉलपटू होता, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. मायामी विद्यापीठाच्या १९९१च्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो होता. दुखापतींनी घेरल्यावर त्याची जागा वॉरन सॅप नावाच्या पोराने घेतली, जो पुढे खेळातला दिग्गज ठरला. १९९५मध्ये मोठ्या लीगच्या एकाही संघाने जॉन्सनला निवडलं नाही. कॅनडातल्या कॅल्गरी स्टॅम्पीडर्सच्या सराव-चमूत जागा मिळाली आणि दोन महिन्यांत गेली. घरी परतताना खिशात सात डॉलर उरले होते, असं तो सांगतो. पुढे, २०१२मध्ये, डॅनी गार्सियाबरोबर काढलेल्या निर्मितीसंस्थेचं नाव त्याने ‘सेव्हन बक्स’ ठेवलं.

सात डॉलरची ही कथा इतकी गोड आहे की तिच्यामागचं एक वास्तव झाकलं जातं. तो रिकाम्या हाताने परतला नव्हता. वडील रॉकी जॉन्सन आणि आजोबा पीटर मायविया दोघेही व्यावसायिक कुस्तीतले नामांकित. घरात ती कला होती. फुटबॉलने फेकल्यावर तो घरच्या आखाड्यात उतरला आणि नोव्हेंबर १९९६मध्ये मोठ्या मंचावर आला. सुरुवातीला त्याला हसतमुख सज्जन म्हणून उभं केलं गेलं तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. खलनायक झाल्यावर त्याला हातात माइक मिळाला आणि मग तो थांबलाच नाही. हजारो लोकांसमोर थेट, रिटेक नसलेला अभिनय त्याने वर्षानुवर्षं केला. २००१मध्ये ‘द ममी रिटर्न्स’, २००२मध्ये ‘द स्कॉर्पियन किंग’. नायक म्हणून पहिल्याच चित्रपटाचे त्याला ५५ लाख डॉलर मिळाले.

मग एक चुकलेलं वळण आलं. आजूबाजूच्यांनी सल्ला दिला की बारीक हो, जिमबद्दल कमी बोल, कुस्ती लोकांना विसरू दे. काही वर्षं त्याने तसं केलंही. कौटुंबिक विनोदपट आले आणि गेले. २०११मध्ये ‘फास्ट फाइव्ह’मध्ये तो पूर्ण आकारात परतला आणि गाडी सुसाट निघाली. जी गोष्ट झाकायला सांगितली होती, तीच त्याने दुकानाची पाटी केली. २०१६पासून अंडर आर्मर कंपनीबरोबर ‘प्रोजेक्ट रॉक’ नावाने कपडे आणि बूट आले. त्याच वर्षी त्याने एक फुकट गजराचं ॲपही काढलं. त्यात तो स्वतः उठतो त्या वेळेचा गजर लावायची सोय होती आणि ‘आणखी पाच मिनिटं’वालं बटण मुद्दामच ठेवलं नव्हतं. २०२१मध्ये ‘झोआ’ हे ऊर्जापेय आलं. चित्रीकरणाला जाईल तिथे त्याची व्यायामशाळा मागोमाग ट्रकने जाते आणि तिचे व्हिडिओ कोट्यवधी लोक बघतात. म्हणजे व्यायाम हीच जाहिरात, तीही बिनपैशाची.

या सगळ्यात गार्सियाकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ नये. ती जॉन्सनची पूर्वीची पत्नी. २००८मध्ये घटस्फोट झाल्यावरही त्याची व्यवस्थापक तीच राहिली. मेरिल लिंच या वित्तसंस्थेत तिने काम केलेलं होतं आणि ती स्वतः व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू आहे. ताळेबंद आणि डंबेल दोन्ही हाताळणारी माणसं दुर्मीळ असतात. नुसता चेहरा देऊन मानधन घेण्याऐवजी कंपनीत हिस्सा घ्यायचा, हे धोरण त्यांच्या अनेक उद्योगांत दिसतं. म्हणून सगळं यशस्वी झालं असंही नाही. ‘ॲथलेटिकॉन’ नावाचा फिटनेसचा महामेळा अटलांटात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये भरवायचा होता, तो महासाथीत बुडाला. त्याच वर्षी दोघांनी एका गुंतवणूक संस्थेसह एक्सएफएल ही दिवाळखोरीत निघालेली फुटबॉल लीग सुमारे दीड कोटी डॉलरला घेतली. एका हंगामानंतर ती दुसऱ्या लीगमध्ये विलीन करावी लागली.

हिस्सेदारी हा शब्द ऐकायला छान वाटतो, पण तीही अंगाशी येऊ शकते. एफ-४५ ही ४५ मिनिटांच्या सामूहिक व्यायामवर्गांची ऑस्ट्रेलियात सुरू झालेली साखळी. तिचा शेअर जुलै २०२१मध्ये १६ डॉलरला न्यूयॉर्कच्या बाजारात आला. वर्षभराने प्रमुखाने पद सोडलं आणि एका दिवसात शेअर निम्म्याहून अधिक कोसळला. २०२३मध्ये तो मुख्य बाजारातून बाहेरही पडला. डेव्हिड बेकहॅमने या कंपनीची जाहिरात करण्याचा करार केला होता आणि मोबदल्याचा एक भाग शेअरच्या रूपात होता. २०२२मध्ये बेकहॅमच्या कंपनीला कोर्टात जावं लागलं. रोख रक्कम आणि कागदी हिस्सा यांतला फरक बेकहॅमसारख्यालाही असा शिकावा लागतो.

टॉम ब्रेडीची गोष्ट निराळ्या कारणाने बोधक आहे. २०००च्या निवडीत १९९व्या क्रमांकावर घेतलेला हा खेळाडू ४५व्या वर्षापर्यंत खेळला आणि सात वेळा विजेतेपद जिंकला. एवढं टिकल्यावर ‘याचं रहस्य काय’ हा प्रश्न येणारच. ते रहस्य विकायला त्याने २०१३मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या दहा वर्षं आधी, टीबी-१२ ही कंपनी काढली आणि २०१७मध्ये पुस्तक लिहिलं. स्नायू मऊ आणि लांब ठेवा, भरपूर पाणी प्या, असा त्यातला उपदेश. पाणी पुरेसं प्यायल्यामुळे आपल्याला उन्हाचा चटका बसत नाही, असंही त्यात आहे. त्वचारोगतज्ज्ञ हे मान्य करणार नाहीत. २०२३मध्ये निवृत्त झाल्याच्या दोनच दिवसांनी, त्याने निर्मिलेला आणि त्यात तो स्वतःच्याच रूपात दिसणारा ‘एटी फॉर ब्रेडी’ हा चित्रपट लागला. पुढच्या वर्षी टीबी-१२ दुसऱ्या एका क्रीडावस्त्र कंपनीत मिसळली.

मला या धंद्याची खरी अडचण इथे दिसते. खेळाडूचं शरीर घडतं ते आईबापांकडून आलेल्या हाडापेरामुळे, लहानपणापासूनच्या पूर्णवेळ मेहनतीने, आणि क्लबने दिलेल्या डॉक्टर, मालिशवाले, स्वयंपाकी यांच्या फौजेमुळे. कार्यालयात आठ तास बसणाऱ्याला यातलं काहीच विकता येत नाही. मग विकलं जातं काय? बूट, पेय, ॲप, आणि ‘मीही तसा होईन’ ही आशा. खुद्द खेळाडूंनाच खेळ सुटल्यावर वेगळा व्यायाम आणि वेगळा आहार शिकावा लागतो. क्लीव्हलँडच्या जो थॉमसने सलग १०,३६३ चाली एकही न चुकवता खेळल्या. त्यासाठी तो सतत खाऊन वजन टिकवायचा. २०१८मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने सर्वांत आधी वीस-पंचवीस किलो वजन उतरवलं. मैदानावर जे शरीर भांडवल होतं, तेच घरी हृदयाला भार होतं.

भारतात फुटबॉलमधून पडद्यावर गेलेलं सर्वांत मोठं नाव आय. एम. विजयन. त्रिशूरच्या मैदानावर प्रेक्षकांना सोडा विकणारा हा मुलगा सतराव्या वर्षी केरळ पोलिसांच्या संघात आला. १९९०मध्ये त्या संघाने फेडरेशन कप जिंकला, पुढे मोहन बागान, जेसीटी, एफसी कोचीन, ईस्ट बंगाल. देशाचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू तीनदा. १९९९मध्ये भूतानविरुद्ध सामन्याच्या बाराव्या सेकंदाला त्याने गोल केला. खेळत असतानाच दिग्दर्शक जयराज यांनी त्याला ‘शांतम्’ या मल्याळी चित्रपटात प्रमुख भूमिका दिली. राजकीय सूडाच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसांची ही कथा, आणि २०००सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. पदार्पणात एवढी शांत, आतल्या आत कुढणारी भूमिका वाट्याला येणं हे भाग्यच. नंतर २००६च्या ‘तिमिरु’सारख्या तमिळ चित्रपटांत तो मारामाऱ्या करणारा खलपुरुष झाला, २०१९च्या ‘बिगिल’मध्येही दिसला. स्वतःची निर्मितीसंस्थाही त्याने काढली. पण पोटापाण्याचं काय? तो केरळ पोलिसांत परतला आणि २०२५मध्ये तिथूनच निवृत्त झाला. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. भाईचुंग भूतियाने २००९मध्ये ‘झलक दिखला जा’ ही नृत्यस्पर्धा जिंकली तेव्हा तोही खेळत होता. पडद्याची चटक न लागू देता त्याने ती लोकप्रियता आपल्या फुटबॉल शाळांकडे वळवली. आपल्याकडे धंदा म्हणून हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ऊर्जापेयांपेक्षा मुलांना चेंडू शिकवणं भूतियाला जास्त ठाऊक होतं.

महाराष्ट्रात हा विषय कोल्हापूरला येऊन थांबतो. फुटबॉल, व्यायाम आणि सिनेमा या तिन्ही गोष्टी एकाच गावात नांदलेल्या दुसरीकडे सापडणं अवघड. बाबूराव पेंटरांचं हे गाव, जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओंचं गाव. आणि शाहू स्टेडियमवर ज्यांच्या सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात ते संघ म्हणजे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. नागपूरला वेगळं घडलं. वस्त्यांतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर नागराज मंजुळेंनी २०२२मध्ये ‘झुंड’ केला आणि नागपूरच्याच मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चेंडूमागे धावणारं पोरगं अभिनय करू शकतं, हे सिद्ध करायला आता आणखी पुरावा नको.

म्हणून कोल्हापूरच्या तालीम मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. हंगामासाठी खेळाडू आणताना तुम्ही मानधनावर घासाघीस करता, ती करा. पण जोडीला त्या मुलाच्या मोकळ्या महिन्यांचीही सोय लावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, व्यायाम-प्रशिक्षकाचं एखादं चांगलं प्रमाणपत्र, आणि ज्याला हौस असेल त्याला नाट्यशिबिर. फीचा अर्धा वाटा मंडळाने उचलावा. आणि हे सगळं त्याचा गुडघा शाबूत असताना, पुढच्या हंगामाआधीच सुरू करावं.